कोपऱ्यातली टिक

मजेसाठी कुठली भाषा शिकायची हे ठरवायला आर्किटेक्टनं पाच आठवडे घेतले, आणि त्या पाच आठवड्यांत घरात कुणालाही मजा आली नाही. घरात होतं तरी कोण म्हणा! तो आणि त्याची बायको. मुलगी दुसऱ्या शहरात नोकरीला.

आर्किटेक्ट म्हणजे घरं बांधणारा नव्हे, कंपनीत सॉफ्टवेअरचे आराखडे काढणारा. वय पंचावन्न. अलीकडे मीटिंगमध्ये त्याचं मत सगळ्यांत शेवटी विचारलं जायचं, तेही लोक लॅपटॉप मिटायला लागल्यावर. हे त्यानं घरी कधी सांगितलं नाही. पण दारात तो बूट कसे काढतो यावरून बायकोला दिवस कसा गेला ते कळायचं. मुलीलाही फोनवरच्या आवाजावरून कळलं असावं. ती म्हणाली, "बाबा, एखादी नवी प्रोग्रामिंगची भाषा शिका ना. कामासाठी नाही, नुसती मजेसाठी. आणि आईलाही सोबत घ्या. तिलाही येत होतं ना पूर्वी?"

येत होतं ना पूर्वी! पोरीनं प्रेमानंच म्हटलं होतं, पण आईला ते दिवसभर टोचत राहिलं.

आर्किटेक्टनं जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि तक्ता बनवला. चौदा भाषा, अकरा रकाने. भाषेचं वय, लोकप्रियता, अवघडपणा, बाजारातली मागणी, पुढच्या दहा वर्षांतलं भवितव्य. प्रत्येक रकान्याला गुण. लग्नासाठी मुलगी बघतानाही इतके रकाने कुणी केले नसतील. बायकोनं खांद्यावरून वाकून पाहिलं आणि विचारलं, "अरे, यात मजेचा रकाना कुठंय?"

"ती शेवटी बेरजेत येते," तो वर न बघता म्हणाला.

आता या बाईबद्दल सांगायला हवं. दोघं एकाच कॉलेजात, एकाच वर्गात होते. तेव्हा साठ पोरांमागे आठ कॉम्प्युटर. आठवड्यातून एकदा तासभर मशीन मिळायचं. त्या तासात प्रोग्राम चालला तर चालला, नाहीतर बसा पुढच्या आठवड्याची वाट बघत. म्हणून सगळे आधी कागदावर लिहायचे आणि कागद घेऊन हिच्यासमोर रांग लावायचे. ती पेन्सिलीनं रकाने आखायची, एकेका ओळीवर बोट ठेवून वाचायची आणि त्या ओळीनंतर कुठल्या खान्यात कुठला आकडा पडतो ते लिहायची. चूक सापडली की तिथं गोल. नाही सापडली की उजव्या कोपऱ्यात बारीकशी टिक. टिक असलेला कागद मशीनवर कधीही अडला नाही. प्रोग्राममधल्या चुका पकडून तो यंत्राला समजेल असा करून देणाऱ्या सॉफ्टवेअरला कंपायलर म्हणतात. पोरांनी हिचंच नाव कंपायलर ठेवलं. ते नाव ठेवणारा पहिला, रांगेत रोज पहिला उभा राहणारा आणि पुढं तिच्याशी लग्न करणारा, तो हाच आर्किटेक्ट.

लग्नानंतर दोघांनाही नोकऱ्या लागल्या. मुलगी झाली तेव्हा कुणीतरी एकानं वर्षभर घरी थांबायचं ठरलं. कुणीतरी एकानं म्हणजे कुणी, यावर काही चर्चा झाली नाही. त्या एका वर्षाची चोवीस वर्षं झाली.

तक्त्यात तळाला, चौदाव्या क्रमांकावर फोर्थ नावाची भाषा होती. वय पन्नाशीपुढं. मागणी जवळपास नाही. शेऱ्याच्या रकान्यात आर्किटेक्टनं लिहिलं होतं, 'विचित्र'. कंपायलरचं वय आणि बाजारभाव साधारण तोच होता, म्हणून एका दुपारी, नवरा ऑफिसात असताना, तिनं ती भाषा उघडून पाहिली.

आणि तिला हसूच फुटलं. या भाषेत आकडे एकावर एक रचायचे, बेसिनशेजारी ताटल्या रचतो तसे, आणि वरचा आधी उचलायचा. 'दोन, तीन, मिळव.' बाकीच्या भाषांत हुकूम आधी आणि सामान नंतर. इथं आधी सामान मांडायचं, मग कामाला हात घालायचा. जन्मभर ओट्यापाशी उभं राहून तिनं दुसरं केलं होतं काय? शिवाय शब्द आपले आपण बनवता येत होते. वरच्या दोन आकड्यांची जागा बदलणाऱ्या शब्दाचं नाव तिनं ठेवलं 'वरखाली'. वरच्याची आणखी एक प्रत काढणाऱ्याचं 'जोडी'. सगळं काढून जागा रिकामी करणाऱ्याचं 'निथळ'. चार वाजले तरी दुपारचं जेवण झाकलेलंच होतं. तिला आनंद झाला होता. इतका की कुणाला तरी सांगितल्याशिवाय राहवेना, आणि सांगायला हक्काचं माणूस एकच होतं.

संध्याकाळी तिनं वही त्याच्यासमोर ठेवली. त्यानं दहा मिनिटं वाचली. "हं. गंमत आहे," म्हणाला. दुसऱ्या दिवशी मुलीचा फोन आला तेव्हा बाबा सांगत होते, "शेवटी मी फोर्थ निवडली. सगळे जातात त्या वाटेनं जाण्यात काय मजा?" आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. कंपायलरनं ते ऐकलं आणि सोडून दिलं. निवडली कुणी यावरून काय भांडायचं?

मग रविवार सकाळ त्या दोघांची झाली. एका साइटवर दर आठवड्याला एक कोडं यायचं. कंपायलर वहीत रकाने आखून ते सोडवायची, आर्किटेक्ट टाइप करायचा. "तुझा हात हळू चालतो गं. तू सांग, मी मारतो." ते खरंही होतं. मशीन त्याचं, साइटवरचं खातं त्याचं. प्रत्येक उत्तराखाली तारखेसकट त्याचं नाव उमटायचं. चौथ्या रविवारी तिनं विचारलं.

"अरे, हे सगळं तुझ्याच नावावर चढतंय."

"ते आपोआप येतं गं. बदलायचं म्हटलं तर एका ओळीचं काम."

"मग बदल की."

"बदलतो. आणि नावाचं काय एवढं? मजेसाठी तर करतोय आपण."

ते एका ओळीचं काम चार महिन्यांत झालं नाही. ती ओळ तिलाही येत होती. दोन मिनिटं पुरली असती. पण आपल्या हातानं ओढून घेतलेलं नाव तिला नको होतं. त्यानं आपण होऊन, चार लोकांत म्हणावं की हे हिचं आहे, एवढंच तिला हवं होतं. चोवीस वर्षांत तिनं दुसरं काही मागितलं नव्हतं, आणि हेही ती मागत नव्हती, नुसती वाट बघत होती. वाट बघणाऱ्या माणसाइतकं मूर्ख कुणी नसतं.

ऑफिसात मात्र बातमी पसरली. सर जुनी, अवघड भाषा शिकतात, दर आठवड्याला कोडं फोडतात, आणि शब्दांना नावं काय झकास देतात! पोरं त्याच्या टेबलाशी येऊन विचारायला लागली. मीटिंगमध्ये त्याचं मत मध्येच विचारलं जाऊ लागलं. तो शीळ घालत घरी यायचा, बूट जागच्या जागी ठेवायचा. खोटं कशाला बोला, ते बघून तिलाही बरं वाटायचं. आपल्यामुळं झालं हे, असं मनात म्हणून ती चहा टाकायची.

मग एका शनिवारी दुपारी ऑफिसातली चार माणसं जेवायला आली. त्यांत एक चष्मेवाली होती. आर्किटेक्टच्या निम्म्या वयाची आणि त्याचीच वरिष्ठ. पोरगी हुशार, डोळा बारीक. हात धुऊन बसल्या बसल्या तिनं फोनवर शेवटचं कोडं काढलं. एका नाट्यगृहात चार दारांनी माणसं आत येतात. गर्दी वाढली तरच बाल्कनी उघडतात. तर किती खुर्च्या रिकाम्या राहिल्या?

"सर, एक विचारू? तुम्ही माणसांचा आकडा आधी ठेवलाय आणि खुर्च्यांचा त्याच्यावर. वजाबाकीच्या आधी मग 'वरखाली' करावं लागलं. खुर्च्या आधीच खाली ठेवल्या असत्या तर?"

कंपायलर पाण्याचा जग घेऊन दारात उभी होती. तिला वाटलं, किती नेमका प्रश्न विचारला पोरीनं! या एका प्रश्नासाठी ती मंगळवारची सबंध दुपार बसली होती.

"ते वेगासाठी," आर्किटेक्ट म्हणाला. "असं केलं की जलद चालतं."

"अहो, वेगाचा काय संबंध?" तिच्या तोंडून निघून गेलं. चारचौघांत ती त्याला अहो म्हणायची. "माणसं किती आली ते कळल्याशिवाय बाल्कनी उघडायची की नाही हेच ठरत नाही. मग खुर्च्या किती ते आधी कसं मांडणार? म्हणून माणसांची 'जोडी' काढायची, एकीवरून खुर्च्या ठरवायच्या, आणि मग 'वरखाली'."

चष्मेवालीनं चष्मा वर सरकवून तिच्याकडे पाहिलं. बोल आता, कंपायलर नवऱ्याला मनात म्हणाली. आता तरी बोल.

आर्किटेक्ट मोठ्यानं हसला. "बघा! दर रविवारी शेजारी बसून ऐकून ऐकून आमच्या हिलाही यायला लागलं!"

सगळे हसले. चष्मेवालीही हसली. "वा काकू! सरांची शिष्या शोभता अगदी."

काकूंनी पाची पेल्यांत पाणी ओतलं. थेंबही बाहेर सांडला नाही.

पाहुणे गेल्यावर तो ताटल्या आणून बेसिनशेजारी रचत होता. "छान झालं, नाही?"

"काय छान झालं?"

"जेवण गं."

"ऐकून ऐकून?" ती पाठमोरीच म्हणाली.

"अगं, गंमत केली! तू पण ना, राईचा पर्वत करतेस."

त्यानंतरच्या शुक्रवारी कंपनीत त्याचं भाषण ठरलं. मोठा हॉल, दीडशे माणसं, विषय 'आपल्या शब्दांत प्रोग्रामिंग'. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं पडद्यावर दाखवायच्या पानाची प्रत छापून आणली आणि तिच्यापुढं सरकवली.

"नाट्यगृहाचाच प्रोग्राम आहे. शेवटची ओळ पानात मावत नव्हती, जरा आटोपशीर केली. आता पुन्हा चालवून बघत बसत नाही, नुसतं दाखवायचं तर आहे. पण तू एक नजर टाक. ती चष्मेवाली फार बारीक बघते. काही राहून गेलं तर दीडशे लोकांत नाक कापलं जाईल."

आणि तो इस्त्री करायला गेला. कंपायलरनं पेन्सिल घेतली, रकाने आखले, पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. दारांची बेरीज, एकशे साठ माणसं. 'जोडी', एकशे साठवर एकशे साठ. वरच्यावरून खुर्च्या ठरल्या, दोनशे. खाली माणसं, वर खुर्च्या. पुढचा शब्द 'वरखाली' हवा होता. पुढचा शब्द 'वजा' होता.

'वरखाली' त्यानं उडवला होता. ओळ लांब होते म्हणून! माणसांतून खुर्च्या वजा, उणे चाळीस. नाट्यगृहात उणे चाळीस खुर्च्या रिकाम्या. तिनं पुन्हा पहिल्यापासून केलं. पुन्हा उणे चाळीस. चार महिने शेजारी बसून याला एवढंही कळलं नव्हतं की तो शब्द तिथं कशासाठी आहे. आणि परवा तिनं ते त्याच्याच पाहुण्यांसमोर फोड करून सांगितलं होतं! म्हणजे ऐकून ऐकूनसुद्धा नाही. त्यानं ऐकलंच नव्हतं.

पेन्सिलीचं टोक त्या जागी टेकलं, गोल काढायला. आतून इस्त्रीची वाफ आणि शिळेचा आवाज येत होता. कॉलेजात तिला चिडवणारी पोरं होती, तिची वही पळवणारी होती; त्यांचेही कागद तिनं इमानानं तपासले होते. एकदा याच्याशी कडाक्याचं भांडण झालं होतं, महिनाभर अबोला. तेव्हाही रांगेत हा आला तर हिनं मान वर न करता गोल काढून दिला होता. चुकीच्या कागदावर टिक तिनं आयुष्यात केली नव्हती.

तिनं पेन्सिल उचलली आणि उजव्या कोपऱ्यात टिक केली.

"ठीक आहे ना?" आतून आवाज आला.

"टिक केलीय."

त्यानं येऊन कागदाची घडी केली आणि शर्टाच्या खिशात घातली. काय बघितलंस, कसं बघितलंस, काही विचारलं नाही. त्या टिकेवर... नव्हे, तिच्यावर त्याचा एवढा विश्वास होता, हेही इथं सांगायला हवं.

शुक्रवारी सकाळपासून तिला काही सुचेना. साडेअकराला भाषण. अकराला तिनं फोन हातात घेतला. शेवटच्या ओळीत वरखाली राहिलंय. चारच शब्द. तिनं ते लिहिलेसुद्धा, आणि पुसले. त्याचं नाक कापलं जावं असं तिला वाटत नव्हतं, असं नाही. वाटत होतं. पण त्याहून जास्त तिला दुसरंच हवं होतं. चष्मेवाली विचारेल, याला उत्तर येणार नाही, दीडशे माणसं बघत राहतील, आणि मग तरी याला म्हणावं लागेल की हे माझं नाही, हे तिचं आहे, तिला विचारा. निदान अडचणीत सापडल्यावर तरी नाव घेईल. साडेअकरा वाजले तेव्हा ती ओट्यापाशी उभी राहून स्वच्छ ताटल्या पुन्हा धूत होती.

सहाला तो आला. हातात फुलांचा गुच्छ. बूट जागच्या जागी.

"अगं, काय हशा पिकला आज! ऐक. भाषण झालं, टाळ्या झाल्या. आणि त्या चष्मेवालीनं बसल्या जागी लॅपटॉपवर प्रोग्राम मारला की! म्हणते, सर, उत्तर उणे चाळीस येतंय."

"मग?"

"मग काय, मी क्षणभर गार. दीडशे माणसं! पण सुचलं बघ ऐन वेळी. म्हटलं, मित्रहो, प्रोग्राम मी लिहिला, पण तपासला माझ्या बायकोनं. तुझं नावच घेतलं, माइकवरून! खिशातला कागद काढून टिक दाखवली. म्हटलं, कॉलेजात हिला आम्ही कंपायलर म्हणायचो. आता कंपायलर जुना झाला, नवा टाकायला हवा! अगं, लोक पोट धरधरून हसले. नंतर सगळे येऊन सांगत होते, सर, धमाल आली. हे घे, गुच्छ तुलाच."

तिनं गुच्छ घेतला.

"राग नाही ना आला? आणि ती पोरगी बघ किती चांगली. म्हणाली, काकूंचंही नाव यायला हवं. कंपनीच्या साइटवर टाकलं पण. हे बघ."

त्यानं फोन पुढं धरला. खाली प्रोग्राम होता, 'वरखाली' परत आपल्या जागी आलेला. वर तीन ओळी होत्या. लेखन, आर्किटेक्टचं नाव. दुरुस्ती, चष्मेवालीचं नाव. आणि मध्ये तपासणी, जिच्यातून चूक सुटली ती. तिथं तिचं नाव होतं, आडनावासकट, एकही अक्षर न चुकता.

तिला ओरडून सांगायचं होतं की मला दिसलं होतं, पहिल्याच फेरीत दिसलं होतं, मी मुद्दाम सोडलं. पण ऐकणारा म्हणाला असता, चुकलं तर चुकलं, आता सारवासारव कशाला? आणि खरं मानलं असतं तर त्याहून वाईट. आपलेच दात आणि आपलेच ओठ. त्या तीन ओळींत एकच ओळ पूर्णपणे खरी होती, आणि ती तिची होती.

आर्किटेक्ट टेबलाशी बसला, तक्ता उघडला आणि चौदावी ओळ उडवून टाकली. "फोर्थ झाली. आता पुढची कुठली घ्यायची? या वेळी तू निवड हं."

खिशातला कागद त्यानं टेबलावर टाकला होता. तिनं घडी उलगडली. टिक पेन्सिलीची होती, रबर ड्रॉवरमध्ये होतं. ती कागदाकडे बघत राहिली.

"अगं, निवड की," तो म्हणाला. "एवढा काय विचार करतेस? मजेसाठी तर आहे."